किड्यामुंग्यांचा सातबारा

‘किड्यामुंगीसारखे जिणे’ हा शब्दप्रयोग आपल्या मराठीत कोणाच्या वाट्याला आला, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण आज आम्ही लिहिणार आहोत ते खऱ्याखुऱ्या किड्यामुंग्यांविषयी. ज्यांना आपण केरसुणीने लोटतो, चपलेने मारतो, ते किडे जिवंत पकडून, त्यांचे नाव, गाव, तारीख लिहून, बर्फापेक्षाही थंड पेटीत ठेवून शास्त्रज्ञ त्यांच्या अंगातला मजकूर अक्षर न् अक्षर वाचत आहेत. हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. काहींना वाटेल, रिकामपणाचे उद्योग! आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. पण विषयात शिरल्यावर ध्यानात आले की यात तुमच्या आमच्या घरातील तापाचा, पाण्याच्या पिंपाचा आणि मजुराच्या मोलाचा प्रश्न गुंतलेला आहे.

आधी मजकूर म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक धागा असतो. त्यावर चारच अक्षरांच्या लिपीत त्या जीवाची घडण लिहिलेली असते. एका जीवाचा असा संपूर्ण मजकूर म्हणजे त्याचा जीनोम. माणसाचा जीनोम सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे. पिकल्या केळ्याभोवती घोंगावणारी जी बारीक चिलटे, त्यांतल्या एका जातीचा जीनोम 2000 साली प्रसिद्ध झाला. 2002 मध्ये आफ्रिकेत हिवताप पसरवणारा डास, 2004 मध्ये रेशमाचा किडा, 2006 मध्ये मधमाशी, असे एकेकाचे वाचन होत गेले. किडा लहान म्हणून त्याचा लेख लहान, असे मात्र नाही. 2020 च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर भागात ज्या टोळधाडीने शेतकऱ्यांची झोप उडवली, त्या वाळवंटी टोळाचा जीनोम माणसाच्या अडीच पटींहून मोठा आहे. उत्तर आफ्रिकेतील ॲटलस पर्वतातल्या एका निळ्या फुलपाखरात गुणसूत्रांच्या 229 जोड्या सापडल्याचे 2025 साली प्रसिद्ध झाले. माणसाला आहेत 23. मोठेपणाचा हिशेब निसर्गाने वेगळ्याच वहीत मांडलेला दिसतो.

किडे, कोळी, विंचू, गोम, गोचीड, खेकडे या सर्वांचे मिळून एक मोठे घराणे आहे. पायांना सांधे म्हणून त्यांना संधिपाद म्हणतात. नाव मिळालेल्या एकूण प्राण्यांपैकी बहुसंख्य याच घराण्यातले. तेव्हा पृथ्वीवरील जीवांचे दप्तर लिहायचे तर सर्वांत जास्त पाने यांनाच लागणार. 2011 साली पाच हजार किड्यांचे जीनोम पाच वर्षांत वाचण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. ठरलेल्या मुदतीत काही तो पुरा झाला नाही. 2018 च्या नोव्हेंबरात त्याहून मोठी, साऱ्या जगातील जीवांची मोहीम सुरू झाली. तिचाच एक भाग म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडमधील सुमारे 70 हजार जातींचे जीनोम वाचण्याचे काम डार्विनच्या नावाने हाती घेतले गेले. केंब्रिजजवळ हिंक्स्टन नावाचे खेडे आहे, तेथील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमध्ये वाचनाची यंत्रे आहेत. पण यंत्राला खाद्य हवे. ते गोळा करतात रानात हिंडणारी माणसे. आम्हाला खरे कुतूहल वाटले ते या माणसांचे.

ऑक्सफर्ड शहराजवळ वायटम नावाचे जंगल आहे. 1942 सालापासून ते ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे आहे. संध्याकाळी तेथे दिव्याचा सापळा लावतात. एक पेटी, वर झगझगीत दिवा, आणि पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. आपल्याकडे भुर्जीपावच्या गाडीवर असतात तेच. दिव्यावर झेपावलेले पतंग पेटीत पडतात आणि पुठ्ठ्याच्या खळग्यांत गप्प बसून राहतात. सकाळी एकेक पुठ्ठा उचलायचा, पतंग ओळखायचा, हवा तो नळीत घ्यायचा. झाडावरचे किडे हवे असतील तर फांदीखाली पांढरे कापड धरून काठीने फांदी झोडपतात. गवतातले हवे असतील तर जाळी फिरवतात. अगदी बारीक किड्यांसाठी दोन नळ्यांची बाटली असते. एक नळी किड्यावर धरायची, दुसरी तोंडात धरून हवा ओढायची, की किडा बाटलीत. तोंडाच्या नळीला आतून जाळीचा तुकडा लावलेला असतो, नाहीतर किडा सरळ घशात! मातीतल्या जिवांसाठी चाळणी बसवलेल्या नरसाळ्यात माती भरून वर बल्ब लावतात. उष्णता नको म्हणून जीव खाली खाली सरकतात आणि नरसाळ्याच्या तोंडातून खालच्या बाटलीत पडतात.

इथपर्यंत सारे शंभर वर्षांपूर्वीसारखेच. शाळा कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत टाचणीने टोचलेली फुलपाखरे आपण पाहिली आहेत. कोपऱ्यात डांबराची गोळी, खाली चिकटवलेली चिठ्ठी. किडा मेला, वाळला, तरी रूप टिकले की काम भागत असे. जीनोमवाल्यांचे मात्र त्याने भागत नाही. जीव गेला की शरीरातले रसच डीएनएचा धागा कुरतडू लागतात. उकाड्यात तर काही तासांतच त्याचे बारीक तुकडे पडतात. वाळवी लागलेले सरकारी दप्तर ज्याने हाताळले आहे त्याला हे लगेच कळेल. अक्षरे असतात, पण पाने जागेवर नसतात, आणि कुठला तुकडा कुठल्या ओळीचा हे कोणालाच सांगता येत नाही. आताची यंत्रे एका दमात दहा वीस हजार अक्षरांचा सलग तुकडा वाचतात. पण धागा सलग असेल तरच ना! म्हणून मेलेला, मुंग्यांनी ओढत नेलेला, पाण्यात पडलेला किडा चालत नाही. तो जिवंत हवा. जिवंत आणून, फ्रिजमध्ये ठेवून शांत करून, ओळख पटवून, फोटो काढून मग त्याला क्षणात गोठवायचे. त्यासाठी उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन नाहीतर उणे 78 अंशांचा कोरडा बर्फ वापरतात. पुढे उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये मुक्काम. वाटेत कोठे वीज गेली किंवा बर्फ संपला, की सगळी मेहनत वाया!

आणखीही पथ्ये आहेत. किड्याच्या पोटात पानांचा चोथा किंवा दुसरा किडा असेल तर त्याचाही डीएनए मिसळतो, म्हणून काहींना आधी उपाशी ठेवतात. शिवाय अनेक किड्यांच्या पेशींतच वोल्बाकिया नावाचा जिवाणू भाडेकरूसारखा राहतो. त्याची अक्षरे वेगळी काढावी लागतात. नर की मादी हेही पाहावे लागते. माणसात वेगळ्या गुणसूत्रांची जोडी पुरुषाकडे असते, फुलपाखरांत आणि पतंगांत ती मादीकडे. म्हणून संपूर्ण मजकूर हवा असेल तर फुलपाखराची मादीच हवी. किडा लहान असला की डीएनए पुरत नाही, ही तर मोठीच अडचण होती. पूर्वी पुष्कळ डास एकत्र कुटून काम करावे लागे, आणि मग दहा जणांचे जबाब एकाच कागदावर लिहावेत तसा गोंधळ होई. 2019 साली एका एकट्या डासापासून उत्तम प्रतीचा जीनोम मिळवून दाखवण्यात आला. तेव्हापासून बारीकसारीक किड्यांची वाट मोकळी झाली.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्चात आयुष्य गेले. त्यामुळे या साऱ्यात आम्हाला सर्वांत भावली ती कागदपत्रांची शिस्त. प्रत्येक नळीला क्रमांक. त्या क्रमांकासमोर किडा कोठे सापडला, कोणत्या तारखेला, कसा पकडला, कोणी पकडला, कोणी ओळखला, किती वेळात गोठवला, ही सारी नोंद. मग त्याचा एक पाय तोडून वेगळा तपासतात. त्या पायातील ठरावीक 658 अक्षरे वाचून, सांगितलेले नाव आणि निघालेले नाव जुळते की नाही ते पाहतात. दिसायला सारख्या पण जात निराळी असे किडे ढिगाने असतात. ओळखणाऱ्याची चूक येथे पकडली जाते. आणि किड्याचे बाकी अंग तर डीएनए काढताना दळून संपते. मग उद्या कोणी विचारले की हा नेमका कोणता किडा होता, तर दाखवायचे काय? म्हणून फोटो, उरलेला पंख किंवा त्याच जागचा दुसरा किडा संग्रहालयात जपून ठेवतात. या जपून ठेवलेल्या पुराव्याला ते काय म्हणतात माहीत आहे? व्हाउचर! व्हाउचर नसेल तर खर्च मंजूर नाही, हे आम्ही नोकरीभर ऐकत आलो. तो नियम किड्यांनाही लागू आहे हे पाहून बरे वाटले.

आता घरच्या प्रश्नाकडे येऊ.

विदर्भातील अचलपूर आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजांच्या काळी त्याला एलिचपूर म्हणत. लिस्टन नावाचा एक लष्करी डॉक्टर तेथे डासांचा अभ्यास करीत होता. 1901 साली त्याने तेथल्या एका डासाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ॲनोफिलीस स्टीफेन्सी हे नाव दिले. शहरातला हिवताप पसरवणारा तो हाच. बाकीच्या हिवतापी डासांना ओढे, डबकी, भातखाचरे लागतात. याला गच्चीवरची टाकी, विहीर, हौद, बांधकामावरचे पिंप चालते. मुंबईच्या चाळींनी आणि झोपडपट्ट्यांनी, इमारतींच्या पायाडांवर राबणाऱ्या बिगाऱ्यांनी त्याचा ताप पिढ्यानपिढ्या सोसला आहे.

हा डास 2012 साली आफ्रिकेच्या टोकावरील जिबुती या छोट्या देशात सापडला. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे अवघे 27 रुग्ण नोंदले गेले होते. 2020 साली नोंद झाली 73 हजारांहून अधिक रुग्णांची. 2016 मध्ये तो इथिओपियात आढळला, पुढे सुदान, नायजेरिया, केनिया, घाना येथेही. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा. आता शहरे आणि त्यांतील गोरगरिबांच्या वस्त्या धोक्यात आल्या. या डासाच्या भारतीय वाणाचा जीनोम 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याहून पुष्कळ अचूक असा 2021 मध्ये. त्याचा उपयोग काय? निरनिराळ्या शहरांतून पकडलेल्या डासांची अक्षरे ताडून पाहिली की कोठला डास कोठून आला याचा माग लागतो. शिवाय औषध फवारून तो मरेल की नाही हेही कळते. डासाच्या मज्जातंतूच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक पडला की नेहमीच्या फवारणीला तो दाद देईनासा होतो. फक्त एका अक्षराचा! आडनावातल्या एका वेलांटीवरून ज्यांच्या मुलांचे जातीचे दाखले वर्षवर्ष अडकून पडले आहेत, त्यांना एका अक्षराची ताकद आम्ही काय सांगावी?

आफ्रिकेतील हिवतापी डासांवर असेच मोठे काम झाले. 2017 साली त्याचा पहिला अहवाल आला. आठ देशांतल्या 15 ठिकाणांहून पकडलेल्या 765 डासांचे वाचन त्यात होते. कीटकनाशक पचवण्याचा गुण एका भागातून दुसऱ्या भागात कसा पसरतो, हे त्यातून दिसले. कोणत्या गावात कोणते औषध फुकट जाते, हे आधी कळले तर सरकारचा पैसा वाचेल आणि माणसेही वाचतील. अर्थात जीनोम वाचून ताप उतरत नाही. पिंपावर झाकण ठेवा असे फलक लावणेही सोपे असते. ज्या वस्तीत नळाला दिवसाकाठी तासभर पाणी येते तेथे बाई पिंप भरून ठेवणार नाही तर काय करणार? पाणी पुरेसे द्या, पिंपे आपोआप कमी होतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डास पकडतो कोण, हा आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधून काढला. 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते ज्या डासांची चिरफाड करीत होते, ते हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याच्या अंगावर सोडलेले होते. दर डासामागे एक आणा असा त्या बिचाऱ्याचा भाव होता. पुढे कलकत्त्यात मोहम्मद बक्ष नावाचा मदतनीस त्यांच्यासाठी डास गोळा करीत असे. ही दोन नावे निदान कागदावर राहिली. ज्यांची राहिली नाहीत असे किती असतील? आजही आफ्रिकेतील पुष्कळ ठिकाणी रात्रभर उघडे पाय पसरून बसायचे, डास पायावर बसला की चावण्याआधी नळीने ओढून घ्यायचा, अशी कामाची पद्धत आहे. हिवताप होऊ नये म्हणून अशा माणसांना गोळ्या देतात. तरी रात्रभर बसणारा कोणाच्या घरचा असणार, हे उघड आहे.

म्हणूनच आम्हाला विलायतेतल्या त्या नोंदपत्रकाचे कौतुक वाटते. एखाद्या पतंगाचा जीनोम प्रसिद्ध होतो तेव्हा सोबतच्या टिपणात तो कोणी पकडला, कोणी ओळखला, हे नावानिशी छापलेले असते. पकडणारा विद्यापीठातलाच असतो असे नाही. हौसेने पतंग ओळखणारी साधी माणसेही त्यात आहेत. आपल्याकडे राज्याच्या आरोग्य खात्यात ‘कीटक समाहारक’ नावाचे पद आहे. घरोघर जाऊन, कोपरे, कपाटे, गोठे धुंडाळून डास पकडणे हे त्याचे काम. दारात असा कर्मचारी आला तर त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावू नये. विज्ञान शाखा घेतलेल्या आपल्या मुलामुलींनीही भरतीची जाहिरात वाचताना केवळ लिपिक आणि शिपाई या शब्दांवर डोळे खिळवू नयेत. आम्ही स्वतः लिपिक आहोत म्हणून हे हक्काने सांगतो.

दुसरा मुद्दा फायद्याचा. किडा आमच्या रानातला, अक्षरे वाचली परदेशात, औषध किंवा कीटकनाशक विकले कंपनीने, तर गावाच्या हाती काय? हा प्रश्न जगाच्या पातळीवरही विचारला गेला. 2010 साली नागोया येथे करार झाला आणि 2014 पासून तो लागू आहे. दुसऱ्या देशातले जीव न्यायचे तर परवानगी हवी आणि लाभात वाटा हवा, असे त्यात ठरले. पण गोम अशी की अक्षरे एकदा संगणकावर गेली की किडा नेण्याची गरजच राहत नाही. त्यावर 2024 साली कोलंबियातील काली शहरात झालेल्या परिषदेत एक निधी ठरला. अशा मजकुरावर नफा कमावणाऱ्यांनी त्यात पैसे घालायचे, आणि त्यातील निदान निम्मा भाग आदिवासी व स्थानिक लोकसमूहांच्या कामी यावा, अशी अपेक्षा आहे. पैसे भरणे मात्र कंपन्यांच्या मर्जीवर ठेवले आहे. मर्जीवरच्या वर्गणीचा अनुभव आपल्या प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला आहे! आपल्या देशात 2002 चा जैविक विविधता कायदा आहे. त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि गावातल्या जिवांची लोकनोंदवही ठेवायची असते. गावी गेलात तर ती नोंदवही पाहायला मागा. त्या समितीत महिला आणि अनुसूचित जाती जमातींचे सदस्य असावे लागतात. मोहाखालचे, बांधावरचे, शेणातले किडे नावाने ओळखणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याच घरांत आहेत. त्यांनी सांगितलेले नाव त्या वहीत चढले पाहिजे.

काही वाचक विचारतील की हे सारे ठीक, पण प्राणिहिंसेचे काय? रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न उठणारच आणि तो योग्यच आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आम्ही तोच गज लावतो. भिंतीवर शोभेसाठी टांगायला फुलपाखरे टोचणे आम्हाला पसंत नाही. तापाने फणफणलेल्या लेकरासाठी डासाची जात तपासणे ही गरज आहे. मधल्या कामांविषयी मतभेद होऊ शकतील. पतंग आणि भुंगे यांचे जीनोम वाचून लगेच कोणाचा ताप उतरणार नाही, हे खरे. पण कोणती जात कोठे उरली आहे आणि कोणती संपत चालली आहे, हे जाणायला हेच दप्तर उपयोगी पडते. आणि गोळा करणारेही हिशेबाने घेतात. एका जातीचे थोडेच नमुने लागतात, दुर्मीळ जातीसाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

सकाळी दिव्याची पेटी रिकामी करताना लागतील तेवढे पतंग नळ्यांत जातात. उरलेले दाट झुडपात नेऊन सोडतात. पेटीशेजारी उघड्यावरच सोडले तर पाखरे टपलेलीच असतात. एकदा सापळ्याची जागा कळली की ती रोज सकाळी वेळेवर हजर होतात.